फुटक्या काचांतून बाग सजविणारा शिल्पी : अंतोनी गौदी

चंद्रपूर शहराच्या लालपेठ परिसरात प्रचंड शिलाखंडांतून कोरलेल्या मूर्ती आजही उघड्या आभाळाखाली आहेत. गोंड राजवटीच्या काळात रायप्पा नावाच्या धनिकाने भव्य शिवमंदिर उभारण्याचा संकल्प सोडला, त्यासाठी मूर्ती घडवून घेतल्या, परंतु देवालय उभे राहण्यापूर्वीच त्याचा मृत्यू झाला, असे परंपरेने सांगितले जाते. तेथील दशमुखी दुर्गेची विशाल मूर्ती पाहणाऱ्याला ज्या देवालयाची केवळ कल्पना करावी लागते, तसेच एक अपूर्ण देवालय मागे ठेवून स्पेनमधील बार्सिलोना शहरात एका वास्तुशिल्पीने १९२६ साली जगाचा निरोप घेतला. त्याचे नाव अंतोनी गौदी. रायप्पाचे काम थांबले ते कायमचे. गौदीचे काम मात्र त्याच्या पश्चात तीन पिढ्यांनी पुढे नेले.

देवालयाइतकीच गौदीची कीर्ती आहे ती बागेतल्या शिल्पांसाठी. फुटक्या काचा, तडकलेल्या फरश्या, चहाच्या कपबश्यांचे तुकडे हे त्याचे साहित्य. सपाट भिंतीवर किंवा जमिनीवर रंगीत तुकडे बसवून चित्र साकारण्याची कुट्टिमकला, म्हणजेच मोझेक, ही रोमन काळापासून चालत आलेली आहे. गौदीने या कलेला भिंतीवरून उतरवून बाकावर, धुराड्यावर, सरड्यासारख्या प्राण्याच्या पाठीवर नेले. आज जगभर बागांमधून काचेच्या मोझेकची जी त्रिमितीय शिल्पे उभी केली जातात, त्यांची परंपरा सांगताना गौदीचे नाव टाळता येत नाही.

तांबटाचा मुलगा

गौदीचा जन्म २५ जून १८५२ रोजी कातालोनिया प्रांतातील रेउस परिसरात झाला. वडील फ्रान्सेस्क हे तांबट होते. पाच भावंडांत अंतोनी सर्वांत धाकटा. दोन भावंडे बालपणीच दगावली. अंतोनीलाही लहानपणापासून संधिवाताने ग्रासले होते. इतर मुले खेळत-बागडत असताना त्याला बसून राहावे लागे. चालणे अशक्य झाले की गाढवाच्या पाठीवरून नेले जाई. या सक्तीच्या विश्रांतीत गोगलगाईचा शंख, झाडांच्या फांद्या, खडकांचे आकार न्याहाळण्याचा छंद त्याला जडला आणि तो आयुष्यभर टिकला.

दुसरी शाळा होती ती वडिलांच्या भट्टीची. तांब्याचा सपाट पत्रा हातोडीच्या ठोक्यांनी हळूहळू गोलावतो आणि त्यातून भांडे तयार होते, हे दृश्य त्याने रोज पाहिले. कागदावर रेखाटण्याआधी वस्तू अवकाशात पाहण्याची आपली दृष्टी याच कारखान्यात घडली, असे तो पुढे मानत असे. त्याच्या इमारतींत सरळ रेषा आणि काटकोन इतके कमी का आढळतात, याचे एक उत्तर या तांबटकामात आहे.

वास्तुशास्त्राच्या शिक्षणासाठी तो बार्सिलोनाला आला. घरची परिस्थिती बेताची असल्याने शिकत असतानाच त्याला निरनिराळ्या वास्तुविशारदांकडे नकाशे काढण्याचे काम करावे लागले. १८७६ साली वैद्यकीचे शिक्षण घेतलेला मोठा भाऊ आणि पाठोपाठ आई यांचे निधन झाले. १८७९ साली बहीण रोझाही गेली. तिची लहान मुलगी आणि वृद्ध वडील यांची जबाबदारी अंतोनीवर आली. तो अविवाहितच राहिला. वडील आणि भाची हेच त्याचे कुटुंब.

१८७८ साली त्याला वास्तुविशारदाची पदवी मिळाली. त्याच वर्षी पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनात एका हातमोजे विक्रेत्यासाठी त्याने तयार केलेले काचेचे प्रदर्शन-कपाट मांडण्यात आले होते. ते बार्सिलोनाचे उद्योगपती एउसेबी ग्वेल यांच्या दृष्टीस पडले. या एका कपाटाने दोघांना जोडले. ग्वेल हे पुढे चार दशके गौदीचे आश्रयदाते आणि मित्र राहिले.

फुटक्या फरशीचा शोध

स्पेनमध्ये चकचकीत रंगीत फरश्यांची परंपरा अरब राजवटीपासूनची. १८८३ ते १८८५ या काळात बांधलेल्या कासा विसेन्स या घरात गौदीने अशा चौकोनी फरश्यांचा मुक्त वापर केला. तेथे पृष्ठभाग सपाट होते, त्यामुळे अडचण आली नाही. त्यानंतर ग्वेल यांच्या शेतवाडीच्या इमारतींचे काम हाती घेतल्यावर मात्र त्याच्या गोलाकार, वळणदार रचनांनी पेच निर्माण केला. सपाट आणि ताठ फरशी घुमटावर किंवा वळणावर बसत नाही. तिचे कोपरे वर राहतात, खाली पोकळी राहते आणि काही दिवसांत ती निखळते.

यावर गौदीने काढलेला तोडगा अगदी साधा होता. फरशी फोडायची. तुकडा जितका लहान, तितका तो वळणाशी जुळवून घेतो. मोठ्या वळणावर मोठे तुकडे, अवघड वळणावर बारीक तुकडे आणि सांध्यांमध्ये गिलावा, अशी ही रीत. कातालान भाषेत फोडणे या अर्थाच्या शब्दावरून तिला त्रेंकादिस हे नाव पडले. या रीतीचा दुसरा लाभ खर्चाचा होता. कारखान्यात तडकलेला, रंग बिघडलेला, टाकून दिलेला माल येथे उपयोगी पडू लागला.

१८८६ पासून बांधलेल्या ग्वेल यांच्या शहरातील प्रासादावर गौदीने धुराड्यांनाच शिल्पाचे रूप दिले. गच्चीवरील ही धुराडी कुणाला दिसणार, असा विचार न करता प्रत्येकाला वेगळा आकार आणि वेगळ्या तुकड्यांचा साज चढविण्यात आला. धूर बाहेर टाकणारी एक उपयोगाची वस्तू चहूबाजूंनी पाहावे असे शिल्प झाली.

बोडक्या टेकडीवरील बाग

गौदीच्या या कलेला पूर्ण वाव मिळाला तो पार्क ग्वेल या बागेत. बार्सिलोनाच्या सीमेवर बोडकी टेकडी या अर्थाच्या नावाने ओळखली जाणारी एक खडकाळ, निष्पर्ण टेकडी होती. तेथे श्रीमंतांसाठी इंग्लंडच्या धर्तीवर उद्यान-वसाहत उभारावी, अशी ग्वेल यांची योजना होती. सुमारे ६० भूखंड पाडण्यात आले आणि १९०० साली काम सुरू झाले.

पाणी नसलेल्या टेकडीवर बाग फुलवायची, हा पहिला प्रश्न. गौदीने तो ज्या प्रकारे सोडविला, तो माजी मालगुजारी तलावांच्या प्रदेशातील वाचकांना विशेष जवळचा वाटेल. टेकडीवर त्याने एक विस्तीर्ण चौक तयार केला. या चौकाचा पृष्ठभाग फरसबंद न करता मातीचा ठेवला. पावसाचे पाणी त्यातून झिरपून गाळले जाते. चौकाला ८६ खांबांनी तोलून धरले आहे आणि या खांबांच्या पोटातून पाणी खाली उतरते. खांबांच्या दालनाखाली सुमारे १२ लाख लिटर क्षमतेची टाकी आहे. टाकी भरली की जादा पाणी प्रवेशद्वाराजवळील जिन्याकडे येते आणि तेथे बसलेल्या एका प्राण्याच्या तोंडातून बाहेर पडते.

हा प्राणी म्हणजे गौदीचे सर्वांत प्रसिद्ध बागशिल्प. कुणी त्याला सरडा म्हणतात, कुणी ड्रॅगन. सुमारे २.४ मीटर लांबीचा हा जीव जिन्याला धरून खाली सरकतो आहे, असे वाटते. त्याच्या अंगावर निळे, हिरवे, पिवळे, नारिंगी तुकडे बसविलेले आहेत. पाठीच्या कण्यावर, पायांच्या वळणांवर, नखांपर्यंत तुकड्यांचा आकार बदलत जातो आणि त्यामुळे खवल्यांचा भास होतो. हे शिल्प केवळ शोभेचे नाही. ते पाणीव्यवस्थेचा एक भाग आहे. उपयोग आणि सौंदर्य यांची फारकत गौदीला मान्य नव्हती, त्याचे हे उत्तम उदाहरण होय.

चौकाच्या कडेने नागमोडी वळणे घेत जाणारा सुमारे ११० मीटर लांबीचा बाक हे दुसरे आश्चर्य. बाक हाच चौकाचा कठडा आहे. पाठ टेकायला सोयीची वळणे मिळावीत म्हणून मऊ गिलाव्यावर प्रत्यक्ष माणूस बसवून आकार घेण्यात आला, असे सांगितले जाते. बाकावरील तुकड्यांची रंगसंगती मुख्यत्वे जोसेप मारिया जुजोल या तरुण सहकाऱ्याची. गौदीपेक्षा तो २७ वर्षांनी लहान होता. खांबांच्या दालनाच्या छतावरील गोलाकार नक्षीही जुजोलचीच. त्यात बाटल्यांच्या काचा, बश्या आणि कप यांचे अवशेष ओळखता येतात. आपले नाव इतके मोठे झालेले असतानाही गौदीने या तरुणाला मोकळीक दिली, ही बाब नोंद घेण्यासारखी आहे.

व्यवहाराच्या दृष्टीने ही वसाहत पूर्णपणे फसली. शहरापासूनचे अंतर, वाहतुकीची गैरसोय आणि विक्रीच्या जाचक अटी यांमुळे ग्राहक फिरकले नाहीत. ६० पैकी जेमतेम दोन घरे उभी राहिली. त्यांतील नमुना म्हणून बांधलेल्या घरात १९०६ साली खुद्द गौदी वडील आणि भाचीसह राहण्यास गेला. १९१४ साली काम थांबले. १९१८ साली ग्वेल यांचे निधन झाले. १९२२ साली नगरपालिकेने ही जागा विकत घेतली आणि १९२६ साली ती सार्वजनिक उद्यान म्हणून खुली झाली. श्रीमंतांनी नाकारलेली जागा अशा रीतीने सर्वसामान्यांची झाली.

काचेची भिंत, काचेचे धुराडे

पार्क ग्वेलचे काम सुरू असतानाच १९०४ साली जोसेप बाट्लो या कापड उद्योजकाच्या जुन्या घराचे नूतनीकरण गौदीकडे आले. घर पाडून नवे बांधण्याऐवजी त्याने जुन्या घराचेच रूप पालटले. दर्शनी भिंतीवर रंगीत काचांचे तुकडे आणि चिनी मातीच्या चकत्या बसविण्यात आल्या. गौदी रस्त्यावर उभा राहून कोणता तुकडा कोठे बसवायचा, हे गवंड्यांना सांगत असे. सकाळचे ऊन पडताच ही भिंत पाण्यासारखी चमकते.

याच घराच्या मनोऱ्यावरील चिनी मातीचा क्रूस मायोर्का बेटावर तयार करवून आणण्यात आला. प्रवासात तो तडकला. उत्पादकाने दुसरा करून देण्याची तयारी दाखविली. गौदीने मात्र तडकलेला क्रूसच ठेवून घेतला आणि तुकडे गिलाव्याने व धातूच्या पट्टीने सांधून बसविला. तडा लपविण्याची त्याला गरज वाटली नाही.

पुढे कासा मिला या इमारतीच्या गच्चीवर त्याने एक धुराडे हिरव्या बाटल्यांच्या काचांनी मढविले. मद्य संपल्यावर उकिरड्यावर जाणाऱ्या बाटल्या तेथे शंभराहून अधिक वर्षे ऊन-पावसात टिकून आहेत. या इमारतीवरून मालकाशी मानधनाचा वाद झाला. तो न्यायालयात गेला, गौदी जिंकला आणि मिळालेली रक्कम त्याने धर्मकार्यासाठी देऊन टाकली.

एकाकी उत्तरार्ध

१९०६ साली वडील वारले. १९०९ च्या जुलैमध्ये बार्सिलोनात दंगली उसळल्या आणि अनेक चर्च जाळण्यात आली. १९१२ साली भाचीचेही निधन झाले. १९१४ साली निकटचा सहकारी फ्रान्सेस्क बेरेंगेर गेला आणि चार वर्षांनी ग्वेल. टेकडीवरच्या घरात गौदी एकटा उरला.

तरुणपणी उंची पोशाखाचा शौकीन असलेला हा माणूस आता जुनेपुराणे कपडे घालून, अल्पाहारावर दिवस काढू लागला. इतर सर्व कामे बाजूला सारून त्याने स्वतःला सग्रादा फामिलिया या चर्चला वाहून घेतले. १८८२ साली दुसऱ्या वास्तुविशारदाने सुरू केलेले हे काम १८८३ साली, वयाच्या ३१ व्या वर्षी, त्याच्याकडे आले होते. हे मंदिर केवळ देणग्यांवर उभारायचे होते. पैसे संपले की काम थांबे. अशा वेळी हा जगप्रसिद्ध वास्तुविशारद स्वतः दारोदार जाऊन देणगी मागत असे. आपल्या हयातीत हे काम पूर्ण होणार नाही, याची त्याला पूर्ण जाणीव होती. म्हणूनच त्याने पुढच्या पिढ्यांना उपयोगी पडतील अशा प्लास्टरच्या प्रतिकृती तयार करण्यावर भर दिला.

मातृभाषेविषयीचा त्याचा आग्रह कडवा होता. स्पेनमध्ये हुकूमशाही असताना कातालान भाषेवर निर्बंध होते. ११ सप्टेंबर १९२४ रोजी पोलिसांनी अडविले असता ७२ वर्षांच्या गौदीने स्पॅनिशमध्ये उत्तर देण्यास नकार दिला. त्याला काही तास कोठडीत राहावे लागले आणि दंड भरावा लागला.

नोव्हेंबर १९२५ मध्ये चर्चचा पहिला मनोरा पूर्ण झाला. सुमारे १०० मीटर उंचीच्या या मनोऱ्याच्या शेंड्यावर व्हेनिसच्या काचेचे मोझेक बसविण्यात आले. इतक्या उंचीवर रंगरंगोटी वारंवार करणे शक्य नसते. काचेचा रंग तिच्या अंगातच असल्याने तो उडत नाही आणि काच पाणीही शोषत नाही. गौदीला पूर्ण झालेला पाहता आला तो हा एकच मनोरा.

७ जून १९२६ रोजी सायंकाळी नित्याप्रमाणे प्रार्थनेसाठी पायी जात असताना त्याला ट्रामची धडक बसली. अंगावरील कपड्यांवरून तो भिकारी असावा, असा समज झाला. खिशात ओळखीची कागदपत्रे नव्हती. तातडीने मदत मिळाली नाही. अखेर त्याला गोरगरिबांच्या रुग्णालयात नेण्यात आले. त्याची ओळख पटली तेव्हा उशीर झाला होता. १० जून रोजी वयाच्या ७३ व्या वर्षी त्याची प्राणज्योत मालवली. ज्याला रस्त्यावर कुणी ओळखले नाही, त्याच्या अंत्ययात्रेला अवघे शहर लोटले. अपूर्ण चर्चच्या तळघरातच त्याचे दफन करण्यात आले.

तुकड्यांतून पुन्हा आकार

मृत्यूनंतर दहा वर्षांनी, जुलै १९३६ मध्ये, स्पेनमध्ये यादवी युद्धाचा भडका उडाला. जमावाने चर्चच्या कार्यशाळेला आग लावली. गौदीची रेखाटने जळाली. पुढच्या पिढ्यांसाठी जपलेल्या प्लास्टरच्या प्रतिकृतींचा चक्काचूर झाला. काम कायमचे थांबावे, अशीच ही वेळ होती. परंतु त्याच्या शिष्यांनी आणि सहकाऱ्यांनी ढिगाऱ्यातून तुकडे वेचले, त्यांची वर्गवारी केली, छायाचित्रांशी ताडून पाहिले आणि प्रतिकृती पुन्हा जोडल्या. आज उभे असलेले चर्च या सांधलेल्या तुकड्यांच्या आधाराने पुढे गेले आहे. फुटलेल्या वस्तूंतून काम करण्याची जी रीत गौदीने गवंड्यांना शिकविली, तिनेच त्याचे स्वप्न वाचविले.

१९८४ साली पार्क ग्वेल, ग्वेल प्रासाद आणि कासा मिला यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. २००७ साली समाजकंटकांनी बागेतील सरड्याच्या तोंडाची मोडतोड केली. त्याचीही दुरुस्ती करण्यात आली. २०१० साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या हस्ते चर्चचे पवित्रीकरण झाले. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मध्यवर्ती मनोऱ्याच्या उंचीमुळे सग्रादा फामिलिया हे जगातील सर्वांत उंच चर्च ठरले. २०२६ हे गौदीच्या निधनाचे शताब्दी वर्ष.

आपल्या अंगणासाठी

भारतात याच जातकुळीचे काम चंदीगड येथे नेकचंद यांनी केले. सरकारी नोकरी सांभाळून त्यांनी टाकाऊ वस्तूंमधून गुपचूप शिल्पे उभी केली आणि १९७६ साली त्यांचे रॉक गार्डन जनतेसाठी खुले झाले. त्यातील कित्येक आकृतींच्या अंगावर फुटक्या काचेच्या बांगड्या आहेत. नेकचंद आणि गौदी या दोघांनीही लोकांनी टाकून दिलेल्या वस्तूंना किंमत दिली.

चंद्रपूर-गडचिरोली या जिल्ह्यांत या कलेसाठी लागणारे साहित्य परके नाही. कोरपना-राजुरा पट्ट्यातील चुनखडीवर सिमेंटचे कारखाने उभे आहेत. भद्रावतीच्या ग्रामोदय संघाने मातीकाम आणि चिनी मातीच्या वस्तूंची परंपरा रुजविली. फुटक्या बांगड्या, बाटल्या आणि बश्या तर घरोघरी निघतात. लोखंडी सळई आणि जाळीचा सांगाडा, त्यावर सिमेंट-वाळूचा गिलावा, तो चांगला मुरल्यावर चिकटविलेले तुकडे आणि शेवटी भरलेले सांधे, एवढाच या शिल्पाचा क्रम आहे. गिलावा ओला राहावा म्हणून त्यावर अनेक दिवस गोणपाट टाकून पाणी मारणे आवश्यक असते. येथील कडक उन्हाळ्यात तर ही काळजी अधिकच घ्यावी लागते, अन्यथा तडे जातात. काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, म्हणून पाया खोल आणि मजबूत हवा. पाणी साचून राहू नये यासाठी शिल्पाच्या तळाशी वाट ठेवावी लागते. काचेच्या धारदार कडा घासून बोथट करणे, हातमोजे आणि चष्मा वापरणे, ही पथ्ये मुलांच्या वावराच्या बागेत तरी चुकवून चालत नाहीत.

गौदीने आपली कला कोणत्याही ग्रंथात लिहून ठेवली नाही. ती त्याने गवंड्यांच्या हातात ठेवली. म्हणूनच त्याची रेखाटने जळाल्यावरही ती टिकली. बार्सिलोनाच्या टेकडीवरील त्या सरड्याच्या तोंडातून आजही पाणी वाहते आणि एकेकाळी मोजक्या श्रीमंतांसाठी आखलेल्या त्या बागेत दरवर्षी जगभरातून लाखो लोक येतात.